रीमाचे अरण्य आणि रूनीची वस्ती : ‘ग्रीन मॅन्शन्स’ आणि तिचे वाचक

विल्यम हेन्री हडसन यांची ‘ग्रीन मॅन्शन्स’ ही कादंबरी १९०४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. उष्ण कटिबंधातील अरण्याची अद्भुतरम्य कथा, अशी तिची ओळख तिच्या उपशीर्षकातच करून दिलेली आहे. अद्भुतरम्य कथा म्हणजे जिच्यात वास्तवाचे नियम थोडे सैल केलेले असतात, व्यक्ती सामान्य माणसांपेक्षा अधिक उजळ रंगांत रंगवलेल्या असतात आणि प्रेम, विरह व मृत्यू यांना दैनंदिन व्यवहारात न आढळणारी उंची दिलेली असते, अशी कथा. या प्रकारच्या बहुतेक कादंबऱ्या आपल्या काळाबरोबर मागे पडल्या. ‘ग्रीन मॅन्शन्स’ मात्र शतकाहून अधिक काळ वाचली गेली, तिच्यावरून शिल्प घडले, चित्रपट निघाला, संगीत रचले गेले आणि चित्रकथाही आल्या. या दीर्घ प्रवासात वाचकांनी या कादंबरीचे काय केले, तिच्यातील काय उराशी धरले आणि काय बाजूला ठेवले, हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय आहे.

साहित्यकृतीचा विचार लेखकाच्या बाजूने करण्याची परंपरा जुनी आहे, तर वाचकाच्या बाजूने तो पद्धतशीरपणे करण्याची परंपरा तुलनेने अलीकडची आहे. जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये दिलेल्या व्याख्यानापासून या विचाराला निश्चित रूप आले असे मानले जाते. कोणताही वाचक पुस्तक उघडतो तेव्हा त्याचे मन कोरे नसते. पूर्वी वाचलेल्या कृती, आपल्या समाजाचे नीतिनियम आणि त्या साहित्यप्रकाराविषयीच्या ठाम समजुती त्याने सोबत आणलेल्या असतात. या सगळ्यांच्या बेरजेला याउस ‘अपेक्षांचे क्षितिज’ म्हणतात. त्यांचे सहकारी वोल्फगांग ईझर यांनी यात आणखी एक भर घातली. संहितेत लेखकाने न भरलेल्या काही ‘मोकळ्या जागा’ असतात, त्या वाचक आपल्या कल्पनेने भरतो आणि त्या भरण्यातूनच कृतीचा अर्थ पूर्ण होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या दोन्ही संकल्पना प्रस्तुत विषयाला उपयोगी पडतात, परंतु त्यांना एक पुरवणी जोडणे आवश्यक वाटते. वाचक जसा मोकळ्या जागा भरतो, तसाच तो भरलेल्या जागा रिकाम्याही करतो. लेखकाने स्पष्ट शब्दांत लिहिलेली पाने तो मनातून पुसून टाकतो. ‘ग्रीन मॅन्शन्स’च्या वाचनाचा इतिहास हा मुख्यतः अशा पुसण्याचा इतिहास आहे.

हडसन यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४१ रोजी अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसजवळच्या किल्मेस परिसरात, उत्तर अमेरिकेतून तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबात झाला. पाम्पा नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण गवताळ मैदानांत पक्ष्यांच्या मागे भटकण्यात त्यांचे बालपण आणि तारुण्य गेले. १८७४ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पुढे अखेरपर्यंत तेथेच राहिले. पहिली अनेक वर्षे त्यांनी हलाखीत काढली. ज्या अरण्यावर त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी उभी आहे, ते व्हेनेझुएला आणि गयाना यांच्या सीमेवरचे घनदाट अरण्य त्यांनी कधीही प्रत्यक्ष पाहिले नव्हते. तरीही या कादंबरीतील पानांवर पडणारा प्रकाश, झाडांच्या शेंड्यांतून येणारी शीळ आणि माणसाची चाहूल लागताच थबकणारे प्राणी यांचे वर्णन वाचकाला खरे वाटते, कारण निरीक्षणाची सवय त्यांनी पाम्पामध्ये आयुष्यभरासाठी कमावली होती. पाहिलेल्या मैदानावरची नजर त्यांनी न पाहिलेल्या रानावर रोखली. या कादंबरीची शक्ती त्यातून आली आणि तिची मर्यादाही त्यातूनच आली, कारण पक्षी ओळखण्यासाठी पुरेशी असलेली ही नजर त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे ओळखण्यासाठी पुरेशी नव्हती.

कथानक थोडक्यात असे आहे. काराकासमधील सुखवस्तू घराण्यातला आबेल नावाचा तरुण राज्यकर्त्यांविरुद्धच्या फसलेल्या कटात सापडतो आणि जीव वाचवण्यासाठी ओरिनोकोच्या दक्षिणेकडील प्रदेशात पळून जातो. सोन्याच्या आशेने भटकत तो रूनी या प्रमुखाच्या आदिवासी वस्तीत येऊन राहतो. वस्तीपासून काही अंतरावर शिकारीने समृद्ध असे एक रान आहे, पण तेथे वस्तीतला कोणीही पाऊल टाकत नाही. तेथे एका दुष्ट शक्तीची मुलगी वावरते, अशी त्यांची श्रद्धा आहे. आबेल त्या रानात जातो. त्याला प्रथम केवळ आवाज ऐकू येतो, पक्ष्यासारखा आणि तरीही माणसाचा, आणि पुष्कळ दिवसांनी त्या आवाजाची धनीण दिसते. ती रीमा. कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंचे वस्त्र ल्यालेली, मांस न खाणारी, रानातल्या प्रत्येक जिवाला अभय देणारी ही मुलगी नूफ्लो या म्हाताऱ्याच्या झोपडीत वाढलेली आहे. आबेल एका विषारी सापाला मारण्यासाठी दगड उचलतो तेव्हा ती त्या सापाचे रक्षण करते, आणि त्या झटापटीत आबेललाच सर्पदंश होतो. पुढे त्यांच्यात प्रेम जडते. आईच्या माणसांचा शोध घेण्यासाठी रीमा, आबेल आणि नूफ्लो रिओलामा या दूरच्या प्रदेशाकडे जातात. ती माणसे आता उरलेली नाहीत हे कळल्यावर रीमा एकटीच पुढे परत येते. दरम्यान रान मोकळे झाले असे समजून रूनीची माणसे तेथे शिकार करू लागलेली असतात. ही माणसे तिला एका उंच झाडावर गाठतात, झाडाला आग लावतात आणि रीमा त्या आगीत मरते.

बहुसंख्य वाचकांच्या आठवणीत कथा येथे संपते. कादंबरी मात्र येथे संपत नाही. आबेल कुआ-को या आपल्या जुन्या सोबत्याला ठार करतो, रूनीचा वैरी असलेल्या मानागाच्या टोळीला चिथावतो आणि तिच्या हातून रूनीची सगळी वस्ती कापून काढवतो. त्यानंतर तो भ्रमिष्टावस्थेत रानात भटकतो, रीमाची रक्षा गोळा करतो आणि अखेर जॉर्जटाऊनला पोचतो. ही सगळी हकीगत अनेक वर्षांनी तो आपल्या एका इंग्रज मित्राला सांगतो आणि तो मित्र ती वाचकांपुढे ठेवतो. म्हणजे या कादंबरीचा पहिला श्रोता कादंबरीतच बसलेला आहे. आपल्या सज्जन, सुसंस्कृत, सर्वांना प्रिय असलेल्या मित्राच्या पूर्वायुष्यात एक संहार दडलेला आहे, हे त्या श्रोत्याला ऐकावे लागते. बाहेरच्या वाचकांनी पुढे या श्रोत्याइतके धैर्य क्वचितच दाखवले.

इंग्लंडमध्ये कादंबरीचे स्वागत आदराने झाले, पण तिला मोठा वाचकवर्ग मिळाला तो अमेरिकेत. न्यूयॉर्कमध्ये १९१५ मध्ये प्रकाशनव्यवसाय सुरू केलेल्या आल्फ्रेड क्नॉफ यांनी १९१६ मध्ये जॉन गॉल्सवर्दी यांच्या प्रस्तावनेसह तिची आवृत्ती काढली आणि ती विलक्षण खपली. गॉल्सवर्दी यांनी हडसन यांच्याकडे निसर्गाशी नाते न तुटलेला दुर्मीळ लेखक म्हणून पाहिले आणि सौंदर्याची उत्कट ओढ हा कादंबरीचा गाभा मानला. प्रस्तावना ही वाचकाच्या अपेक्षांना वळण देणारी पहिली शक्ती असते, आणि या प्रस्तावनेने दिलेले वळण दीर्घकाळ टिकले. युरोपात महायुद्ध चालू असताना, यंत्रांनी माणसे मारण्याच्या बातम्या रोज छापून येत असताना, शहरी वाचकाला रीमामध्ये हिंसेचा स्पर्श न झालेले जग दिसले असल्यास त्यात नवल नाही. तिला आत्म्याचे, काव्याचे, हरवलेल्या निरागसतेचे प्रतीक मानणारे वाचन येथून रूढ झाले. ते चुकीचे नव्हते. रीमाच्या चित्रणात त्याला भरपूर आधार आहे. त्यात उणीव एवढीच होती, की प्रतीक वाचताना ज्या माणसांनी तिला जाळले ती केवळ अंधाराचे रूपक ठरली आणि ज्या माणसाने त्यांचा सूड घेतला तो केवळ विरही प्रेमिक ठरला.

दुसरा टप्पा शिल्पाचा आहे. १८ ऑगस्ट १९२२ रोजी हडसन यांचे निधन झाल्यावर लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांचे स्मारक म्हणून पक्ष्यांसाठी राखीव जागा करण्यात आली आणि तेथे जेकब एपस्टाइन यांनी कोरलेले रीमाचे शिल्प बसवण्यात आले. १९ मे १९२५ रोजी पंतप्रधान स्टॅन्ली बॉल्डविन यांनी त्याचे अनावरण केले आणि लगेच वादळ उठले. शिल्पातील रीमा वाचकांच्या मनातल्या तलम, पारदर्शक, परीसारख्या मुलीशी जुळत नव्हती. ती अनावृत होती, जड हातांची होती, वर उसळणाऱ्या पक्ष्यांमध्ये मान मागे टाकलेली होती. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली, ते काढून टाकण्याची मागणी झाली आणि त्याच वर्षी कोणीतरी त्यावर हिरवा रंग फासला. काढून टाकण्याची मागणी करणाऱ्यांत दक्षिण अमेरिकेतल्या पठारावर ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही अद्भुतकथा रचणारे आर्थर कॉनन डॉइल यांचेही नाव होते. या प्रसंगाचे मोल अभ्यासकाला मोठे आहे, कारण वाचकांच्या मनातली एरवी अदृश्य राहणारी प्रतिमा येथे संतापाच्या रूपाने उघड झाली. मूळ संहितेत रीमा रानात चपळ आणि धीट आहे, सापासाठी माणसासमोर ठाकणारी आहे. नूफ्लोच्या झोपडीत मात्र ती निस्तेज आणि अबोल होते. वाचकांनी यांपैकी जी सौम्य बाजू आपलीशी केली होती तिला एपस्टाइन यांच्या छिन्नीने धक्का दिला. आज ते शिल्प त्याच जागी आहे आणि त्याच्याविषयी कोणी भांडत नाही.

तिसरा टप्पा पडद्यावरचा आहे. १९५९ मध्ये मेल फेरर यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांनी रीमाची आणि अँथनी पर्किन्स यांनी आबेलची भूमिका केली. ब्राझीलचे थोर संगीतकार एतोर व्हिला-लोबोस यांनी त्यासाठी लिहिलेल्या संगीताचा थोडाच भाग चित्रपटात वापरला गेला आणि उरलेल्यासह त्यांनी त्याची स्वतंत्र रचना केली, ती आजही मैफलींत सादर होते. चित्रपट स्वतः मात्र चालला नाही. येथे महत्त्वाचे आहे ते त्याने कथेच्या शेवटात केलेले परिवर्तन. पडद्यावर आबेल आणि कुआ-को यांचे द्वंद्व होते आणि शेवटी रीमा पुन्हा दिसल्याचा आभास प्रेक्षकाला दिला जातो. वस्तीचा संहार वगळला जातो. १९७४–७५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या चित्रकथांच्या मालिकेत तर रीमा आगीतून वाचते आणि रानाचे रक्षण करणारी पराक्रमी नायिका होते. रूपांतर हेही एक वाचनच असते, फरक इतकाच की ते लिहून, रंगवून किंवा चित्रित करून दाखवले जाते. या दोन्ही वाचनांनी रीमाला जगवले आणि आबेलला निर्दोष ठेवले, म्हणजे वाचकांची जुनी इच्छा कलाकृतीच्या रूपात पुरी केली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न विचारण्याची दिशा बदलली. वसाहतींच्या काळात निर्माण झालेल्या साहित्यात सत्ताधाऱ्यांची नजर कशी रुजलेली असते, याचा शोध घेणाऱ्या समीक्षेला उत्तर-वसाहतवादी समीक्षा म्हणतात. या दृष्टीने पाहू लागल्यावर कादंबरीतले आदिवासी धूर्त, भेकड आणि क्रूर असे एकाच साच्यात ओतलेले आहेत, आणि रीमाचे सौंदर्य वारंवार त्यांच्यापेक्षा वेगळ्या, उजळ वंशाची खूण म्हणून येते, हे झाकून राहत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. मात्र तेवढ्यावर कादंबरी निकालात काढणे हेही एक वगळणेच ठरते, कारण त्या साच्याला तडा देणारी एक व्यक्ती हडसन यांनी कथेत आणून ठेवली आहे. ती म्हणजे वस्तीतली क्ला-क्ला ही म्हातारी. आबेल त्या वस्तीत पाहुणा असताना त्याने रमतगमत गिटार वाजवावी, गाणी म्हणावीत आणि या म्हातारीने त्याला आपले मानावे, अशी त्यांची जवळीक असते. संहारानंतर प्रेतांमध्ये तिचे प्रेत पाहिल्यावर आबेलला प्रथमच आपल्या सुडाची व्याप्ती कळते. शत्रू म्हणून ज्यांचा नाश त्याने चिंतला त्यांत ही म्हातारीही होती, हे तोवर त्याच्या मनातही आलेले नसते. रीमाच्या ज्वाळांइतकेच हे दृश्य वाचकांच्या लक्षात राहिले असते, तर या कादंबरीची कीर्ती निराळी झाली असती.

आणखी एक वाचन पर्यावरणाच्या बाजूने झाले. साहित्यातील माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याचा शोध घेणाऱ्या समीक्षेला पर्यावरणवादी समीक्षा असे म्हणतात आणि तिला हडसन हे स्वाभाविकपणे जवळचे लेखक वाटले. टोप्यांवर पिसे मिरवण्याच्या फॅशनपायी होणाऱ्या पक्ष्यांच्या कत्तलीविरुद्ध १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या पक्षिसंरक्षण संस्थेचे ते आरंभीपासूनचे कार्यकर्ते होते. तिच्यासाठी त्यांनी पत्रके लिहिली आणि मृत्युपत्राद्वारे आपल्या मालमत्तेचा मोठा भाग तिला दिला. या संस्थेला राजसनद मिळाली ती १९०४ मध्ये, म्हणजे ‘ग्रीन मॅन्शन्स’च्या प्रकाशनाच्याच वर्षी. रीमा ही या चळवळीची काव्यमय प्रतिमा आहे, असे म्हणणे त्यामुळे अवाजवी नाही. परंतु हाच दुवा आणखी एक पाऊल पुढे नेला, तर कथेतला संघर्ष वेगळाच दिसू लागतो. रीमाचे रान हे व्यवहारतः एक अभयारण्य आहे. तेथे शिकारीला बंदी आहे. नूफ्लोलाही चोरून, दूर जाऊन मांस शिजवावे लागते. आणि या अभयारण्याच्या सीमेबाहेर, ज्यांची उपजीविका शिकारीवर आहे अशा लोकांची वस्ती आहे. त्यांच्यातल्या एकाने तिच्यावर फुंकनळीतून विषारी बाण सोडला आणि त्या बाणाने त्यांच्यातलाच दुसरा माणूस मेला, ही त्यांच्या भयामागची घटना आहे. रूनीच्या माणसांचे कृत्य यामुळे क्षम्य ठरत नाही. पण ते निष्कारण क्रौर्य न राहता, हातचे रान गमावलेल्या माणसांचे कृत्य म्हणून समजू लागते.

मराठी वाचकाला या कादंबरीचे देणे याच ठिकाणी सर्वांत अधिक आहे. त्याच्या अपेक्षांच्या क्षितिजात अद्भुतरम्यतेला जुनी जागा आहे. मराठी कादंबरीच्या पहिल्या पिढीत लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाले’ने १८६१ मध्ये हाच मार्ग रुळवला होता. आश्रमात, हरिणांच्या आणि वेलींच्या संगतीत वाढलेली आणि तान्हेपणी पक्ष्यांनी राखलेली शकुंतला त्याला महाभारतातून, कालिदासातून आणि १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’तून परिचित आहे. त्यामुळे रीमा त्याला परकी वाटण्याचे कारण नाही. उलट, शकुंतलेला अरण्याबाहेरचे घर अखेर मिळते आणि रीमाला मिळत नाही, हा भेद त्याला अधिक खोलवर जाणवू शकतो. दुसरीकडे दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्रा’ने, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतरा’ने आणि मारुती चितमपल्ली यांच्या अरण्यलेखनाने त्याला रान जवळून पाहण्याची शिस्त दिली आहे. आणि तिसरीकडे, वन कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात केवळ पुस्तकी राहिलेला नाही. ताडोब्याच्या परिसरातील काही गावांचे झालेले पुनर्वसन, २००६ चा वनहक्क कायदा आणि त्यानुसार २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला मिळालेला सामूहिक वनहक्क ही मराठी वाचकाच्या भोवतालची वस्तुस्थिती आहे. वाघ वाचला पाहिजे आणि वनावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांचा हक्कही राहिला पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्याचा अवघड सराव ज्या समाजाला करावा लागला आहे, त्याला रीमा आणि रूनी या दोघांनाही एकाच वेळी मनात ठेवणे इतरांपेक्षा अधिक शक्य आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की प्रेमकथेला न्यायनिवाड्याच्या चौकटीत उभे केल्याने तिचा रस सुकतो. हा आक्षेप गंभीर आहे, कारण रसास्वाद गमावून केलेली समीक्षा पोकळ असते. पण येथे निवाडा बाहेरून आणलेला नाही. आबेल स्वतः आपल्या कृत्याची कबुली देतो, भ्रमात रीमाशी बोलतो, क्षमा करणारी शक्ती वर कोठे नसेल तर माणसाने स्वतःच स्वतःला क्षमा कशी मिळवावी या विचाराशी झगडतो. त्याचे प्रेम खरे आहे आणि त्याचा अपराधही खरा आहे. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. जी मुलगी सापालाही मारू देत नव्हती, तिच्या प्रेमापोटी तिच्या प्रियकराने एक वस्ती नष्ट केली, ही या कादंबरीतली खरी शोकांतिका आहे, आणि ती रीमाच्या मृत्यूपेक्षा मोठी आहे. ती पाहणाऱ्या वाचकाला रीमाची अहिंसा केवळ सुंदर वाटत नाही. ती किती अवघड आणि किती आवश्यक आहे हे त्याला कळते. म्हणजे रस येथे सुकत नाही, तो गडद होतो.

या कारणांसाठी ‘ग्रीन मॅन्शन्स’च्या वाचकप्रतिसादांचा अभ्यास हा केवळ एका जुन्या कादंबरीच्या लोकप्रियतेचा आढावा राहू शकत नाही. गॉल्सवर्दी यांचे वाचक, हाइड पार्कमधल्या शिल्पावर संतापलेले नागरिक, चित्रपटाचे पटकथाकार, चित्रकथांचे निर्माते आणि नंतरचे चिकित्सक समीक्षक यांपैकी कोणाचीही थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. त्या प्रत्येकाने कादंबरीतले काही ना काही खरे पाहिले आहे. परंतु प्रत्येक वाचनासमोर एक साधी कसोटी ठेवता येते : त्यात आबेलच्या कथेचा उत्तरार्ध आहे की नाही, रूनीच्या वस्तीतल्या मृतांची नोंद आहे की नाही. निसर्गावरच्या प्रेमाला माणसांचा विसर पडला की ते प्रेम किती सहज सुडाचे साधन बनते, हे हडसन यांनी, कदाचित आपल्या काळाच्या पूर्वग्रहांना ओलांडून, लिहून ठेवले आहे. वाचकांनी ते शतकभर बाजूला ठेवले. ही कादंबरी संपूर्ण वाचणे, तिच्यातल्या सौंदर्यासह आणि तिच्यातल्या अन्यायासह, हे आजच्या वाचकाचे काम आहे. आणि जंगल व जंगलातली माणसे या दोघांनाही वाचवू पाहणाऱ्या प्रदेशातल्या वाचकाने ते अग्रक्रमाने हाती घ्यावे, असे त्याचे महत्त्व आहे.